सातव्या कुरणाचं दूध

जेकशेन बाइकेंच्या दुधाच्या टँकरमध्ये मी नऊ उन्हाळे बसले. नात्यानं ते माझे कोणी नव्हेत, पण वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडे बाइकेच म्हणतात. ते गाडी चालवायचे, मी दूध तपासायची. मांडीवर एक लाकडी पेटी असायची. तिच्यात लॅक्टोमीटर, दोन काचेचे पेले आणि स्पिरिटची बाटली. दुधात पाणी आहे का, ते लॅक्टोमीटर सांगतो. दूध आंबायला लागलंय का, ते स्पिरिट सांगतं. पेल्यात दूध आणि स्पिरिट सारखंच घालून हलवायचं. काचेला बारीक कण चिकटले की ते दूध घ्यायचं नाही. एवढंच माझं काम. डेअरी त्याचा पगार द्यायची आणि नवरा वारल्यापासून माझं घर त्यावरच चालत होतं.

उन्हाळा लागला की आमचं अर्धं गाव गुरं, घोडे, मेंढ्या घेऊन वर कुरणांवर राहायला जातं. नदीच्या काठानं रस्ता चढत जातो आणि त्यावर आमचे सात थांबे. पहिल्या सहा ठिकाणी पाच-पाच, सहा-सहा तंबू असायचे, दूधही भरपूर. सातवं कुरण मात्र सहाव्याच्या पुढे अकरा किलोमीटरवर, अंगावर येणारा चढ चढून. तिथे एकच तंबू होता, बेइशे अता आणि कुमुश अपा या म्हाताऱ्या जोडप्याचा. म्हाताऱ्या पुरुषाला अता म्हणायचं, बाईला अपा. चार गाई, दिवसाला सव्वीस-सत्तावीस लिटर दूध. मुलगा मॉस्कोत बांधकामावर, बायकोपोरांसकट तिकडेच. बेइशे अतांना रक्तदाब होता, गुडघे गेले होते, तरी ते कुरण सोडायला तयार नव्हते. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी तिथेच जनावरं चारली होती.

तेवढ्याशा दुधासाठी तिथवर जाणं कधीच परवडणारं नव्हतं. पण बाइके जायचे. गावातून त्यांच्या गोळ्या न्यायच्या, पिठाची पिशवी न्यायची, फोन चार्ज करून परत द्यायचा, मुलानं पाठवलेला निरोप सांगायचा. कुमुश अपा गाडीचा आवाज ऐकूनच चहा ठेवायची. आम्ही उतरेपर्यंत चादर अंथरलेली असायची आणि तिच्यावर नान आणि वाटीभर साय.

"बस गं पोरी, खा. वाळून काटकी झालीस," ती मला म्हणायची. मग बाइकेंकडे बघून, "हा नाही वाळत. याला पेट्रोल चढतं."

"अपा, पेट्रोल माझी गाडी पिते. मला नुसता वास मिळतो," बाइके म्हणायचे, आणि अता आतून खोकत हसायचे.

गाडी खरंच प्यायची. जुना रशियन ट्रक, अॅव्हरेज लिटरला चार. चढावर तेही नाही.

त्या वर्षी मे महिन्यात पेट्रोल एकदम चढलं. पंपावरची पाटी आठवड्यात दोनदा बदलली. जूनमध्ये पुन्हा चढलं. आमच्याकडे काडेपेटीपासून कोळशापर्यंत सगळं घाट ओलांडून ट्रकनं येतं, त्यामुळे दुकानात ज्याला हात लावावा ते महाग. पीठ का वाढलं, तर गाडीभाडं. साखर का वाढली, तर गाडीभाडं. माझी मुलगी बिश्केकला, राजधानीत शिकते. महिन्यातून दोनदा यायची. मिनीबसचं तिकीट वाढल्यावर म्हणाली, "आई, आता सुट्टीतच येते." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फक्त एका गोष्टीचा भाव वाढला नाही, दुधाचा. बाइके डेअरीत जाऊन भांडून आले. आमचं चलन सोम; त्यांना लिटरमागे वाहतुकीचे तीन सोम मिळायचे. त्यांनी पाच मागितले. तिथला साहेब म्हणाला, परवडत नसेल तर सोडा, दुसरे दहा जण आहेत. दुसरं कोणीच नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण साहेब खुर्चीवर बसला होता आणि बाइके टोपी हातात घेऊन उभे होते.

जुलैच्या सुरुवातीला, सहावा थांबा सोडून वर चढताना, बाइकेंनी गाडी मध्येच थांबवली. इंजिन बंद केलं. तसं ते कधी करत नसत.

"अनार," ते म्हणाले, "मी दहा दिवस मनात हिशेब मांडतोय. तू तोंडानं सांग. सातव्यापर्यंत जाऊन यायला किती पेट्रोल लागतं?"

"सहा लिटर."

"आणि सत्तावीस लिटर दुधाचे मला किती मिळतात?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"बोल की."

"एक लिटरच्या वर थोडं पेट्रोल येईल तेवढे."

"आधीही तोटाच होता," ते म्हणाले. "पण बाकीच्यांच्या दुधात तो खपून जायचा. आता बाकीच्यांच्यातच काही उरत नाही. काल बायको म्हणाली, तुम्ही घरी बसलात तर आपलं जास्त वाचेल."

"मग काय करायचं म्हणता?"

"तू सांग. तू शिकलेली आहेस."

मला हे सांगायला लाज वाटते, पण तो शब्द आधी माझ्या तोंडून गेला. मी म्हटलं, "सहाव्यापासूनच वळायला हवं, बाइके."

त्यांनी मान डोलावली. कोणीतरी ते म्हणावं, म्हणूनच ते थांबले होते. मग गाडी सुरू करून आम्ही वर गेलो, त्या दिवशी शेवटचं.

कुमुश अपानं सगळं ऐकून घेतलं. चहा ओतत होती, तो ओततच राहिली. तंबूतून बेइशे अता म्हणाले, "चार गाईंसाठी एवढा ट्रक कशाला जाळायचा? बरोबर आहे त्याचं." अपा म्हणाली, "तुम्ही सहाव्यावर किती वाजता असता?"

"आठ-साडेआठ," बाइके म्हणाले. "पण अपा, तुम्ही कशाला…"

"घोडा आहे ना. नुसता उभा राहून गवत खातो."

तिसऱ्या दिवशी ती आली. आम्ही सहाव्या थांब्यावर दूध घेत होतो. वरच्या वळणावर राखाडी घोडा दिसला. दोन्ही बाजूंना एकेक कॅन बांधलेला, ओल्या नमद्यात, लोकरीच्या जाड कापडात गुंडाळलेला, आणि ती स्वतः लगाम धरून पायी चालत होती. घोड्यावर बसली असती तर दूध जास्त हिंदकळलं असतं. वय सत्तरच्या पुढे. पहाटे गाई पिळून अकरा किलोमीटर चालत आली होती.

मी पेला काढला. सकाळचं दूध चांगलं होतं. पण दुसऱ्या कॅनमध्ये आदल्या संध्याकाळचं होतं, रात्रभर ओढ्यात ठेवलेलं आणि मग अडीच तास उन्हात हललेलं. काचेला कण चिकटले.

"हे नाही घेता येणार, अपा."

"ओढ्यात ठेवलं होतं गं. बर्फासारखं पाणी आहे."

"माहीत आहे. पण वाटेत तापलं."

सहाव्या कुरणावर सालिमा नावाची एक बाई होती. तोंडाची फटकळ. ती आपला कॅन रिकामा करता करता म्हणाली, "अपा, या वयात कशाला हे धंदे? घरी बसून नातवंडांचे फोटो बघा."

"फोटो बघून झाले," अपा म्हणाली. "आता दूध विकते." आणि नको म्हटलेला कॅन पुन्हा घोड्याला बांधायला लागली. बाइके धावत जाऊन तिच्या हातून दोर घेऊन बांधू लागले. तिच्याकडे न बघता.

असं ती दिवसाआड यायची. दोनदा मी तिचं अर्धं दूध परत पाठवलं. ती त्याचं कुरुत करायची, दह्याचे गोळे वळून उन्हात वाळवायची. पण कुरुत घेणार कोण? प्रत्येक तंबूवर ते वाळतच होतं.

जुलैच्या अखेरीस एका दिवशी ती आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, यांच्या गोळ्या संपल्यात. दोन दिवस झाले. डोकं धरून बसतात. आज दोन्ही कॅन गेले तर गोळ्यांपुरते पैसे होतील. जेकशेनला सांगते, संध्याकाळी कोणाबरोबर तरी औषध वर पाठवेल."

मी तिला म्हणायला हवं होतं, गोळ्या मी माझ्या पैशांनी आणते. हे आज सुचतं. त्या वेळी माझ्याही डोक्यात महिनाअखेर होती. मी पेला भरला आणि स्पिरिट ओतलं. पहिला कॅन चांगला. दुसऱ्याचे कण काचेला लागले. फार नाही; बारीक, पिठाच्या चिमटीएवढे. बाइके पाठमोरे होते, टाकीचं झाकण पुसत होते. मी पेला गवतावर उलटा केला.

"चालेल," मी म्हटलं.

अपानं माझ्या गालावर हात ठेवला. तिचा हात खरखरीत होता आणि घोड्याचा वास येत होता. तेरा लिटर. टाकीत आधीच साडेसहाशेच्या वर होतं. मला वाटलं, एवढ्यात तेवढं कुठे कळतंय? दोन तासांत डेअरीत पोचू.

आम्ही पोचलो असतोही. पण शहराच्या तोंडाशी पंपावर अर्धा किलोमीटर लाईन लागली होती. उद्यापासून पुन्हा भाव चढणार, अशी बातमी होती. बाइकेंनी गाडी हळू केली.

"उभं राहायचं का?" त्यांनी विचारलं. "टाकी भरून घेतली तर चार-पाच दिवस जुन्या भावात निघतील."

"दूध आहे बाइके."

"अर्ध्या तासात नंबर लागेल."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पेटीचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि म्हटलं, "बघा. तुम्हाला वाटतं तसं."

अर्ध्या तासाचे सव्वादोन तास झाले. ऊन असं होतं की दाराला हात लावला की चटका बसायचा. बाइकेंनी दोनदा लाईन सोडायचा विचार केला, पण मागे गाड्या, पुढे गाड्या. पुढच्या टॅक्सीवाल्याशी ते हसत बोलत होते. तो म्हणत होता, "काका, मी आता ग्राहकाला आधी वजन विचारतो. जाड असेल तर डबल भाडं." बाइके हसले. मी दुधाच्या टाकीला हात लावून बघितला. कोमट होती.

डेअरीत तिथल्या तपासणाऱ्या मुलीनं नमुना घेतला, आत गेली आणि साहेबाला घेऊन बाहेर आली. पुन्हा नमुना घेतला. मग साहेबानं पेला बाइकेंच्या तोंडासमोर धरला. लांबूनही दिसत होतं.

"अख्खी टाकी नासली. घेता येणार नाही."

दूध थांब्यावर घेतल्यानंतर नासलं तर ते गाडीवाल्याच्या अंगावर, असा करार होता. डेअरीच्या मागे नाला आहे. बाइकेंनी गाडी तिथे मागे घेतली आणि नळ उघडला. जवळजवळ सातशे लिटर दूध जायला बराच वेळ लागतो. आम्ही दोघं बघत उभे होतो. कुठून तरी चार कुत्री आली.

"अनार," ते म्हणाले, "सगळे कॅन नीट होते ना?"

"होते."

"मग लाईनीनंच घात केला. मलाच अवदसा आठवली. चार पैसे वाचवायला गेलो."

मी लाकडी पेटी उचलून गाडीत ठेवली. घरी येताना वाटेत औषधाच्या दुकानाशी त्यांनी गाडी थांबवली, खिशातल्या पैशांनी अपानं सांगितलेल्या अतांच्या गोळ्या घेतल्या आणि वर जाणाऱ्या एका घोडेस्वाराकडे दिल्या.

सहा कुरणांवरच्या माणसांना दुधाचे पैसे द्यायचे होते. बाइकेंनी सगळ्यांना दिले, कुमुश अपालाही. दोन मेंढ्या विकल्या, बायकोच्या भावाकडून घेतले. पण सालिमानं करायचं ते केलंच. पुढच्या खेपेला अपा कॅन घेऊन आली तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अपा, आता पुरे. तुमच्या त्या उन्हातल्या दुधानं अख्खी टाकी नासली म्हणतात."

अपा माझ्याकडे वळली. "पोरी, तू तर तपासून घेतलंस ना? मग?"

"तुमचं दूध चांगलं होतं, अपा," मी म्हटलं. "पंपाच्या लाईनीत उशीर झाला."

सालिमा तोंड वाकडं करून निघून गेली. अपा उभीच राहिली. त्या दिवशी तिनं दोन्ही कॅन परत नेले. मी तपासते म्हटलंही, पण ती थांबली नाही.

आठवड्यानं ती गावात उतरली. बाइकेंच्या फाटकाशी दोरीनं बांधलेली एक कालवड घेऊन उभी. मी त्यांच्याच अंगणात होते. त्यांची बायको आणि मी लोकर निवडत होतो.

"जेकशेन, ही घे," अपा म्हणाली. "पुढच्या वर्षी गाभण राहील. चांगल्या आईची आहे."

बाइके पायऱ्या उतरून गेले. "अपा, हे काय? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी सांगायला कशाला हवं? सत्तर वर्षं दूध बघते मी."

"मग ऐका. लाईनीत मी उभा राहिलो. गाडी माझी, डोकं माझं, उशीर माझा. तुमच्या तेरा-चौदा लिटरचा त्यात काय संबंध? अनारला विचारा. तिनं तपासलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

बाइकेंनी कालवडीची दोरी अपाच्या हातात परत दिली आणि तिच्याबरोबर पुलापर्यंत चालत गेले. गाडीनं सोडून यायला पुरेल एवढं पेट्रोल गाडीत नव्हतं. त्यांच्या बायकोनं डोळे पुसले आणि पुन्हा लोकर हातात घेतली.

ऑगस्टच्या मध्यावर बाइकेंनी टँकर विकला. टाकी काढून त्यावर वाळू वाहणार होता एक जण. गाडी न्यायला तो दुपारी यायचा होता. मी सकाळीच गेले. बाइके गाडीखाली आडवे पडून रबरी नळीनं टाकीतलं उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढत होते. "याला गाडी विकली आहे, पेट्रोल नाही," ते मला बघून म्हणाले आणि थोडं हसले.

मी तिथेच खाली बसले आणि सांगितलं. पेल्यातले कण, गोळ्या, उलटा केलेला पेला, सगळं.

नळीतून पेट्रोल पडत राहिलं. ते संपेपर्यंत त्यांनी नळी धरून ठेवली. मग बाहेर आले, थुंकले, बाहीनं तोंड पुसलं.

"लाईन लागली होती तेव्हा सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी लाईनीत घुसलो नसतो. सरळ डेअरीला गेलो असतो."

"हो."

"कदाचित तरी नासलं असतं. कदाचित नसतं."

"हो, बाइके."

"मग आता का सांगतेस? गाडी गेल्यावर?" आवाज चढला नव्हता. "तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून? मी कुठे ठेवू ते?"

मी माफी मागितली. त्यांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं. "म्हातारीला हे सांगू नकोस," ते म्हणाले. "ती पुन्हा कालवड घेऊन येईल." आणि घरात गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला चहाला ये म्हटलं नाही.

सप्टेंबरमध्ये ते रशियाला गेले, कुठल्याशा शहरात कचऱ्याची गाडी चालवायला. तिथे पेट्रोल मालकाचं असतं, त्यांची बायको सांगते. डेअरीनं आमच्या खोऱ्यात दुसरी गाडी पाठवली नाही. कुरणांवरच्या लोकांनी उरलेल्या उन्हाळ्यात लोणी आणि कुरुत केलं. बऱ्याच जणांनी वासरं लवकर विकली. मला शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचं काम मिळालं.

कुमुश अपा आणि बेइशे अता नेहमीपेक्षा महिनाभर आधी खाली आले. हिवाळ्याचा चारा घाटापलीकडून ट्रकनं येतो, तो घेणं कोणालाच जमत नव्हतं. त्यांनी चारही गाई आणि ती कालवड रविवारच्या बाजारात विकली.

जानेवारीत एकदा दुकानात अपा भेटली. काउंटरवर दुधाची पिशवी होती, दूरच्या शहरातल्या डेअरीची. ती दुकानदाराला विचारत होती, "मागच्या आठवड्यात एवढी नव्हती ना रे?"

"गाडीभाडं, अपा," तो म्हणाला.

"अर्धी मिळते का?"

"पिशवी अर्धी कशी देऊ?"

मी पुढे होऊन पैसे द्यायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "नको गं. यांना चहात थोडं लागतं, म्हणून. घेते मी." तिनं ती पिशवी घेतली आणि आधी घेतलेलं पीठ परत ठेवून दिलं.

आम्ही बरोबर निघालो. बर्फ साचलं होतं, ती सावकाश चालत होती. तिनं बाइकेंची चौकशी केली, तिकडे थंडी फार असेल म्हणाली. मग तिच्या फाटकाशी थांबून म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वर नाही जाणार. यांना अजून नीट सांगितलं नाही. तंबूचा नमदा चांगला आहे, दोनच वर्षांपूर्वी बदललेला. कोणाला हवा असेल तर विचार हं पोरी."

मी विचारते म्हटलं. शाळेत विचारलं, शेजारी विचारलं, सालिमालाही विचारलं. कोणालाच नको होता.